बारा तासांची पाळी आणि कोऱ्या तारखेची संमती

महोदय,

कारखान्यातील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये मान्यता दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही ११५ वरून १४४ तास. कामगाराच्या लेखी संमतीशिवाय हे होणार नाही, असा दिलासा सोबत दिला गेला. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी आणि पाळ्यांच्या नोंदी, सांभाळत असे. संमतीचे कागद माझ्याच टेबलावर यायचे, म्हणून लिहितो.

ठेकेदाराचा सुपरवायझर गठ्ठा आणून ठेवायचा. खाली सह्या झालेल्या, तारखेची जागा कोरी. सह्या भरतीच्याच दिवशी, आधारच्या झेरॉक्सबरोबर घेतलेल्या. नांदेड-बीडकडून कामासाठी आलेला पोरगा त्या वेळी नाही म्हणेल का? पुढे कधीही तारीख टाकली की फाइल चोख.

ओव्हरटाइम कोणालाच नको असतो, असेही नाही. दुप्पट दराने मिळणार असेल तर दिवाळीच्या तोंडावर पोरं मागून घेतात. त्यांना जाच होतो तो ऐनवेळेचा. पाळी सुटायला दहा मिनिटं असताना 'रिलीव्हर (पुढच्या पाळीचा बदली माणूस) आला नाही, थांब' असा निरोप येतो. कंपनीची बस निघून जाते. मग तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीतून, मिळेल त्या वाहनाने घर गाठायचे आणि सकाळी पुन्हा पहिल्या पाळीला हजर. लाइनवरच्या बायकांचे तर विचारूच नका. मुलाला शाळेतून आणायला कोण जाणार, हा फोन त्या वॉशरूममधून करायच्या, कारण शॉपफ्लोअरवर मोबाइल बंद.

आमच्या असेंब्ली खात्यात एका मॅनेजरने साधी वही ठेवली होती. दोघींना लाइनवरचे एकच स्टेशन, म्हणजे कामाची जागा, चालवता येत असेल, तर दोघींच्या सह्यांनी पाळी आपापसात बदलायची. मात्र पुढच्या आठवड्याची बदली गुरुवारपर्यंत कळवायची. न सांगता दांड्या मारणे बरेच कमी झाले. खर्च एका वहीचा! मॅनेजर बदलले, वही गेली. नवे साहेब मात्र माणसं टिकत नाहीत म्हणून दर बैठकीत वैतागायचे. शिकलेला ऑपरेटर सोडून गेला की नवा हात बसेपर्यंत रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढते, हे क्वालिटीवाल्यांना विचारा. लवचिक काम म्हणजे फक्त आयटीवाल्यांचे घरून काम, असे आपण धरून चाललो आहोत.

पाळ्यांची सूचना कारखान्यात लावावी, हे कारखाने अधिनियम १९४८मध्येच होते. ती लागतेही. प्रश्न ती पाळली जाते का, हा आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला माझी एवढीच विनंती आहे, की तपासणीला गेल्यावर संमतीच्या फायलीवर समाधान मानू नये. गेटवरच्या पंचिंगची नोंद मागवावी, ठेकेदाराच्या माणसांचीसुद्धा, आणि ती लावलेल्या पाळीपत्रकाशी ताडून पाहावी. जादा थांबवलेल्या प्रत्येक वेळेची संमती त्याच दिवशीची आहे का, हे त्या कामगाराला सुपरवायझरच्या माघारी विचारावे.

– एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी, चिंचवड