चौथ्या फेरीत पडलेलं पोरगं

मा. संपादक,

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आलाय, पोलीस भरतीची पोरं पहाटे पाचपासून मैदानं तुडवतायत, म्हणून लिहितो. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. तिसेक वर्षं शिट्टी गळ्यात होती.

आमच्या गल्लीतला १९ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडं १६०० मीटरचा सराव करायचा. चौथ्या फेरीत, नेमका जोर लावला तिथं, ठेच नाही काही नाही, कापलेल्या उसासारखा आडवा झाला. मिनिटभरात उठून बसला. ओठ पांढरे, हनुवटीला माती. मी काय केलं? "रिकाम्या पोटी आलास नव्हं?" म्हणून गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले. घरच्यांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला. पित्तावर खापर फोडून आम्ही सगळे मोकळे.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या निघतात कुठून, तेही पाहिलं. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. डावी कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी नळी, जन्मापासूनच उजव्या बाजूनं निघून महाधमनी आणि फुप्फुसाकडं जाणारी धमनी या दोन्हींच्या मधून गेलेली! बसल्या जागी त्रास नाही. जीव तोडून पळताना मात्र ती दबते, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं, ठोके बिघडतात. म्हणून तर झोपवून काढलेला ईसीजी साफ येतो. ट्रेडमिलची चाचणीसुद्धा साफ येऊ शकते. ऑपरेशन झालं. हल्ली संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला येतो आणि मला विचारतो, "सर, गूळ आणलाय का?"

'एवढा व्यायाम करणाऱ्याला हृदयाचं काय होणार' हे मीही शंभरदा बोललोय. अमेरिकेचा पीट मॅराविच दहा हंगाम एनबीए, म्हणजे तिथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, खेळला. १९८८ मध्ये, ४० व्या वर्षी, बास्केटबॉल खेळतानाच गेला. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी कोरोनरी धमनीच नव्हती.

दुखणं दुर्मीळ आहे. सरसकट सगळ्यांचं सीटी करा असं म्हणत नाही. पण तालीम मंडळांनी, अकॅडम्यांनी फॉर्मवर एवढं तरी विचारावं: पळताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखलं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? एकालाही 'हो' आलं तर तपासणी होईपर्यंत मैदान बंद, मग वस्ताद कितीही रागावू देत. इको करताना कोरोनरीचा उगम बघा, असं डॉक्टरांना तोंडानं सांगावं. आणि मॅच जवळ आली की पोरं खोटं बोलतात, म्हणून फॉर्म आईसमोर भरून घ्यावा.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर