वर्गातली हवा एकदा मोजून तर बघा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी गेली १७ वर्षं शाळेत गणित शिकवते. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला मुलं पेंगतात, जांभया देतात, दोन-चार जण डोकं दुखतंय म्हणून बाकावर मान टाकतात, हे मी इतकी वर्षं बघतेय आणि इतकी वर्षं ते जेवणानंतरच्या सुस्तीवर ढकलत आले. कित्येकांना उभं केलंय, ओरडलेय. यामागे वर्गातली कोंदट हवाही असू शकते हे आता लक्षात आलंय आणि फार वाईट वाटतंय, म्हणून हे पत्र.

झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या विज्ञानाच्या सरांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक छोटा मीटर आणला, तळहातावर मावेल एवढा, आणि तो मी माझ्या वर्गात ठेवला. सकाळी रिकाम्या वर्गात आकडा होता ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४५० भाग), म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेइतकाच, कारण बाहेर साधारण ४२० असतो. मग ४८ मुलं आत आली, बाहेर आवाज फार म्हणून नेहमीसारख्या खिडक्या लावल्या, दार लोटलं आणि शिकवायला लागले. तासिका संपताना बघितलं तर २,४८०! मला आधी वाटलं मशीन बिघडलंय. मग दार उघडलं, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडल्या आणि मुलांना म्हटलं आता आकड्यावर लक्ष ठेवा. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता, २,२००, १,८००, १,५००... दहा-बारा मिनिटांत ११०० च्या आसपास आला. इतक्या वर्षांत कुठल्याही आलेखाकडे त्यांनी एवढं लक्ष दिलेलं मला आठवत नाही.

आता २,४८० म्हणजे मुलांना विषबाधा होते असं अजिबात नाही, कृपया कुणी घाबरू नका. तो आकडा वेगळंच काहीतरी सांगतो. आपण जो श्वास सोडतो त्यात साधारण ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरचे ४२० वजा करून हिशोब मांडला तर त्या वर्गातली सुमारे ५ टक्के हवा आधीच कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेली होती, म्हणजे दर वीस श्वासांतला एक श्वास उसना. एकाला सर्दी झाली की आठवड्याभरात अर्धा वर्ग नाक पुसत का बसतो याचं निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं. आणि मुलं वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त हवा आत घेतात, दिवसातले सहा-सहा तास त्याच खोलीत बसतात.

ही काही नवी माहितीही नाही! म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं की खोलीतला कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या वर जायला नको. दीडशे वर्षं उलटून गेली. इंग्लंडमध्ये सरकारनेच २०२१ साली शाळांसाठी सुमारे ३ लाख मीटर द्यायचं जाहीर केलं, कोविडमुळे का होईना पण केलं. आपण मात्र पिण्याचं पाणी तपासतो, स्वच्छतागृहं तपासतो (तपासायलाच हवीत), आणि मुलं दिवसभर जी हवा घेतात ती कुणीच तपासत नाही.

पालक मीटिंगमध्ये हे बोलले तर लगेच सूचना आली की मग एसी लावा. अहो, साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, आणि त्यासाठी खिडक्या बंद ठेवाव्या लागतात म्हणजे आकडा अजून वर. पंख्याचंही तेच, वारा लागतो पण हवा तीच फिरते. खरा फरक पडतो तो समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की, आणि तसं शक्य नसेल तर एका बाजूला एक्झॉस्ट फॅन आणि दुसऱ्या बाजूला हवा आत यायला वाट. त्यासाठी आधी खिडक्या उघडायला तर पाहिजेत. मी आमच्या शाळेत फिरून बघितलं तर तीन वर्गांत खिडकीला लावून कपाटं उभी आहेत आणि एका वर्गात रंग देताना खिडकीची झडप चौकटीलाच चिकटून गेलीये, ती मग कुणी उघडलेलीच नाही.

बाहेरचीच हवा खराब असेल तर काय, हा प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या बारीक धुळीची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम अशी सांगितलीये आणि वर्दळीच्या रस्त्याकाठच्या शाळांना ती पाळणं कठीण आहे. अशा ठिकाणी रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद, मागची उघडी, आणि जोडीला हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कण गाळणारं मशीन. पण एक लक्षात घ्या, फिल्टर धूळ आणि जंतू पकडतो, कार्बन डायऑक्साइड पकडत नाही, आणि तो मीटर धूळ दाखवत नाही, म्हणजे एकाचं काम दुसरा करत नाही. ओझोन सोडून हवा शुद्ध करतो म्हणणारी मशीन तर वर्गात नकोच, ओझोन मुलांच्या फुप्फुसाला त्रास देतो. आणि पालकांनो, गेटवर थांबताना गाडीचं इंजिन बंद करा ना प्लीज, तो धूर थेट पहिल्या मजल्यावरच्या वर्गात जातो!

बाकी मुलं आत असताना कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. नवा रंग किंवा प्लायवूडचं फर्निचर करायचं तर सुट्टी लागल्या लागल्या करावं, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात नाही, म्हणजे त्याचा वास आणि त्यातली रसायनं मुलं यायच्या आत उडून जातील.

माझी मागणी एकच आहे, प्रत्येक शाळेत निदान एक मीटर असावा. प्रत्येक वर्गाला वेगळा नसला तरी चालेल, आठवडाभर एका वर्गात, मग दुसऱ्या. तो मुलांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, खिडकीपासून आणि कुणाच्या तोंडापासून लांब, आणि दर तासाचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, सगळ्यांना दिसू दे, तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही दिसू दे. आमच्याकडे आता दोन मुलींनी हे काम घेतलंय, आकडा हजारच्या वर गेला की त्या न विचारता उठून खिडकी उघडतात आणि मी शिकवणं थांबवत नाही. सोमवारपासून मीटर पहिलीच्या वर्गात जाणार आहे. तिथलं खिडकीसमोरचं कपाट शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं शिक्षक मिळून हलवतोय.

आपली नम्र,
एक शिक्षिका