नाव न सांगता राबलेल्या हातांना

आमच्या गावचा जवान तिरंग्यात आला, त्या दिवशी ज्यांनी नाव न सांगता काम केलं, त्यांचे गावकऱ्यांतर्फे आभार.

पहिलं नाव (जे ठाऊक नाही) पांदणीवर मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं. आदल्या रात्रीच्या पावसानं काळी माती फुगली होती. अशा मातीत लष्कराची जड गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतते. खाली पऱ्हाटीचे भारे, वर मुरूम असे सहा ट्रॉली रातोरात पडले, म्हणून पेटी थेट स्मशानभूमीपर्यंत गेली. नुसता मुरूम ओल्या चिखलात दबून गेला असता.

ओट्यावर चार क्विंटल बाभूळ-निंब रचणाऱ्यांनी लाकडं दोन दिवस ताडपत्रीखाली ठेवली, खाली विटा लावून. ओलं लाकूड धुरावतं आणि मधेच विझतं.

सलामीच्या तुकडीसमोर दोरी धरून उभ्या राहिलेल्या पोरांचेही आभार. गर्दी पुढं सरकली की बंदुका वर उचलायला जागा राहत नाही. फोन उंचावणाऱ्यांना त्यांनी शब्दानं नाही, हातानं थांबवलं. बरं केलं.

आणि ते कोण होते, ज्यांनी वीरमातेला सावलीत बसवून पाणी पाजलं? अग्नी देण्याआधी ध्वज उतरवून घडी करतात, तो जाळत नाहीत. केशरी नि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर ठेवून, तळहातांवर तो तिच्याकडं आला, तेव्हा तिचे हात कोरडे असावेत म्हणून कुणीतरी पदरानं ते पुसले.