परदेशी जाताय? गोळ्यांच्या स्ट्रिप कापून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे आता घरटी एक माणूस दुबई-मस्कतला नाहीतर बोटीवर आहे, आणि मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईबाबा तर प्रत्येक वाडीत सापडतील. पण निघताना सगळं लक्ष बॅगेच्या वजनाकडे. कोकम, कुळथाचं पीठ, आंबापोळी काट्यावर ठेवून मोजतात आणि औषधं मात्र शेवटच्या रात्री कोंबतात, आमच्या घरीही हेच झालं म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी बाबा भावाकडे दुबईला गेले. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही. इकडे मेडिकलवाला गोळ्या मोजून स्ट्रिप कात्रीने कापून देतो, त्यात औषधाचं नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते. ते तुकडे आईने डबीत भरले, डबी गेली चेक-इन बॅगेत आणि बॅग आली तीन दिवसांनी! भाऊ फार्मसीत गेला तर इकडचा ब्रँड तिथे कोणाला माहीत नाही, चिठ्ठीचा फोटो पाठवला तर अक्षर मलाच लागेना. शेवटी रात्री अकराला डॉक्टरांना फोन करून मूळ नावं घेतली, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन, मग भावाने बाबांना तिथल्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा कुठे गोळ्या मिळाल्या. तोवर वरचं बीपी 180 झालेलं. इकडे आई तीन दिवस धड जेवली नाही.

म्हणून कळकळीने सांगते, पूर्ण स्ट्रिप मागून घ्या, बिल आणि चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन तर चेक-इनमध्ये अजिबात नको, तिथे गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं परत वापरता येत नाही. हातातल्या बॅगेत द्रव पदार्थांना 100 मिलीची मर्यादा असते पण गरजेच्या औषधाला सूट मिळते, फक्त चिठ्ठी दाखवावी लागते.

दुसऱ्याचं पार्सल नेताना पण बघा. गुडघेदुखीवर आपल्याकडे ट्रॅमाडॉल देतात, काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं, ही दोन्ही यूएईमध्ये नियंत्रित औषधं आहेत, न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आणि खसखस! गणपतीत लेकाला मोदकाचं सारण पाठवतात त्यात ती असते, अनारशांवरही असते, तिथे तिच्यावर बंदी आहे. आईच्या हातच्या खाऊमुळे पोरगा पोलिसांच्या ताब्यात जायला नको.

लसीचं तर आधीच बघायला हवं. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पिवळ्या तापाची (यलो फीवरची) लस लागते, बोटीवरच्या मुलांना हे ठाऊक असतं, इतरांना नसतं. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रातच मिळते, म्हणजे आपल्याला मुंबई नाहीतर गोव्यात मुरगावला जाणं आलं. सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, पण 2016 पासून ते जन्मभर चालतं. तशा देशातून लस न घेता परत आलात तर आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दापोली-खेडकडून मक्केला उमराह यात्रेसाठी स्वतःच्या स्वतः जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) लस निघायच्या निदान 10 दिवस आधी घ्यावी. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. साठी उलटलेल्यांनी तर नक्कीच, कारण पिवळ्या तापाची लस त्या वयात विचारूनच घ्यायची असते.

इन्शुरन्स काढताना आधीपासूनचा आजार त्यात धरलाय का हे स्पष्ट विचारा, बऱ्याच स्वस्त पॉलिसीत नसतो.

आता डॉक्टर मंडळींना विनंती. औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असा मेडिकल कौन्सिलचा 2016 चा नियमच आहे, परदेशी निघालेल्या पेशंटला तरी तसं लिहून द्या. बाबा येत्या नोव्हेंबरात परत निघतायत, आमच्या डॉक्टरांनी या वेळी तशी चिठ्ठी दिलीय, पण त्यासाठी मला दोनदा जाऊन मागावी लागली.

आपली एक वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी