मायची गोळी चालू कर

छत्रपती संभाजीनगर,
१२ डिसेंबर

प्रिय दत्ता,

परवा रात्री तू बोलत होतास आणि मी नुसता हूं हूं करत राहिलो. मागे मोटारीचा आवाज येत होता. रात्रीची लाईट म्हणून तू बागेतच होतास. मधेच म्हणालास, "वीस वर्षं माय त्या जीएत हातानं द्राक्षाचे घड बुडवतीय. ग्रोथ हार्मोनच की ते. त्यानंच झालं आसंल का रे?" आणि फोन ठेवता ठेवता सांगितलंस, की मायनं महिन्यापासून स्तनाच्या कॅन्सरची गोळी बंद केलीय, कारण गल्लीतलं कोणीतरी म्हणालं, हार्मोननंच कॅन्सर होतो अन् डॉक्टर हार्मोनचीच गोळी देतात. हे तू शेवटी सांगितलंस, जसं काही बारकीच गोष्ट होती. लेका, सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. लॅबमध्ये पेशींच्या प्लेटवर पिवळं द्रावण घालून ती इन्क्युबेटरला ठेवलीय. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात, आणि किती जांभळं झालं त्यावरून पेशी किती वाढल्या ते मोजायचं. त्याला चारेक तास लागतात. तेवढ्यात हे लिहून टाकतो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीतच आहे.

आधी जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवायचं तुमचं औषध. ते निघालं जपानमधल्या भाताच्या एका रोगातून. रोप उगाच उंच वाढायचं आणि आडवं पडायचं, म्हणून तिकडचे शेतकरी त्याला बावळट रोप म्हणत. १९२६ साली कुरोसावा नावाच्या माणसानं दाखवलं की एक बुरशी रस सोडते आणि त्या रसानं रोप उंच होतं. तोच तुमचा जीए. हा रस ओळखायला झाडाच्या पेशीत एक खास प्रथिन असतं. भातात ते २००५ साली सापडलं. त्याला आपण कान म्हणू. माणसाच्या पेशीत तो कान नाही. द्राक्षाचा मणी ज्या हुकमानं फुगतो तो हुकूम मायच्या छातीतल्या पेशीला ऐकूच जात नाही. डब्यावर ग्रोथ लिहिलंय म्हणून गाठीची ग्रोथ झाली, हा हिशोब फक्त शब्दाचा आहे. बागेतल्या फवारणीच्या औषधांबद्दल मात्र मी असं छातीठोक बोलणार नाही. ती जात वेगळी आणि विषारी. डिपिंगलाही हातमोजे घाल आणि फवारताना तोंडाला नुसता गमछा बांधून जाऊ नकोस. हे मी बी.एस्सी.पासून सांगतोय आणि तू बी.एस्सी.पासून हसतोयस.

आता माणसाचं ग्रोथ हार्मोन. माझी पीएच.डी. त्याच्याच वाटेवरची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळू नकोस. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, तिथून ते निघतं. पण पोराची हाडं वाढवायचं बरंचसं काम ते स्वतः करत नाही. तालुक्याहून आदेश यावा आणि गावात दवंडी पिटली जावी तसं ते यकृताला सांगतं, आणि यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं प्रथिन रक्तात सोडतं. दिसायला ते इन्सुलिनचं चुलतभावंडच. ही दवंडी ऐकायला पेशीच्या अंगावर कान असतात. दवंडी आली की पेशी वाढते, एकीच्या दोन होतात. दवंडी थांबली की बरी पेशी आपल्या कामाला लागते. कॅन्सरच्या पेशीचं बिनसतं ते बहुतेक वेळा या ऐकण्यात. कधी कान वाजवीपेक्षा जास्त उगवतात, कधी आतला निरोप्या धावतच सुटतो, कधी ब्रेक तुटलेला असतो. दवंडी कधीच थांबली, पण हिच्या कानात ती घुमतच राहते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण इक्वेडोरमधलं आहे. तिथल्या लोहा प्रांतात डोंगरातल्या वस्त्यांमध्ये काही कुटुंबांत माणसं साडेतीन-चार फुटांच्या पुढे जात नाहीत. त्यांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर असतं, पण ते ऐकणारा यकृतातला कान जन्मापासून बिघडलेला, म्हणून आयजीएफ-१ जवळजवळ नसतंच. ग्वेवारा-अगिर्रे नावाच्या डॉक्टरांनी अशा शंभरेक माणसांचा वीसेक वर्षं माग ठेवला. २०११ साली अमेरिकेतल्या वॉल्टर लाँगोंबरोबर त्यांनी जे छापलं ते वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. या बुटक्या माणसांत कॅन्सर सापडला फक्त एकीला, तोही जिवावर न बेतलेला. त्यांच्याच धडधाकट उंचीच्या नातेवाइकांत कॅन्सर होता १७ टक्के. एक गाव, एक पाणी, एकच मक्याची भाकरी.

मला वाटलं, झालं, सापडली किल्ली. तो कान बंद केला की काम तमाम. औषध कंपन्यांनाही आधी तसंच वाटलं होतं. आयजीएफचा कान बुजवणारी औषधं त्यांनी काढली आणि २०१० च्या आगेमागे ती मोठ्या चाचण्यांत पडली. एक कान बुजवला की या पेशी शेजारच्या, म्हणजे इन्सुलिनच्या, कानानं ऐकतात. लई हुशार जात आहे दत्ता. माझ्या विषयाचं असं आहे, की निम्मा विषय दुसऱ्यांच्या अपयशावर उभा आहे.

आणि थोडा माझ्या अपयशावर. मागच्या वर्षी तीन महिने मी फोन उचलत नव्हतो, आठवतं? तू म्हणालास, शहरात गेला अन् माजला. झालं होतं असं, की मी ज्या पेशींवर काम करतो त्यांचं नाव एमसीएफ-७. अमेरिकेत १९७० साली एका ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) फुप्फुसाभोवतीच्या पाण्यातून त्या काढल्या होत्या. तिला स्तनाचा कॅन्सर होता. ती त्याच साली गेली. तिच्या पेशी पन्नास वर्षांनंतर इथं संभाजीनगरात माझ्या फ्लास्कमध्ये वाढताहेत. मायच्या रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलंय ना? त्याच जातीच्या. म्हणजे इस्ट्रोजेन या बाईच्या हार्मोनचा कान असलेल्या.

प्रयोग साधा होता. काही पेशींना इस्ट्रोजेन द्यायचं, काहींना आयजीएफ, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. काहीच न दिलेल्या पेशी गप बसायला पाहिजेत. त्या गप बसेचनात. उपाशी ठेवल्या तरी वाढायच्या. वासराच्या रक्तातलं सीरम आम्ही खाद्यात घालतो, त्यातली हार्मोनं काढायला ते कोळशातून गाळून घेतलं, तरी तेच. हूड धुतला, पिपेट बदलले, इन्क्युबेटरला शिव्या दिल्या. एकदा तर नारळ फोडायचा विचार आला होता. शेवटी गाईड म्हणाले, "तुझ्या मीडियमचा रंग कोणता?" लाल. खाद्य आंबलं की पिवळं पडतं, ते कळावं म्हणून कंपनी त्यात फिनॉल रेड नावाचा रंग टाकते. या लाल रंगाला, खरं तर रंगातल्या मळाला, एमसीएफ-७ इस्ट्रोजेन समजतात, हे १९८६ ते ८८ मध्येच छापून आलेलं होतं. मी जन्मायच्या आधी! मी ते वाचलं नव्हतं. बिनरंगाचं मीडियम मागवलं आणि पठ्ठ्या गप.

हे एवढं पाल्हाळ लावायचं कारण मायची गोळी. तू विचारलंस, "तिची पाळी जाऊन बारा वर्षं झाली, आता कुठलं आलंय हार्मोन?" अंडाशय थकले तरी इस्ट्रोजेन पुरतं जात नाही. पोटा-मांडीच्या चरबीत एक एन्झाइम असतं, ते दुसऱ्या हार्मोनांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. अगदी किंचित. पण रंगातल्या मळावर तीन महिने वाढलेल्या पेशी मी या डोळ्यांनी पाहिल्यात. यांना किंचितही पुरतं. ऑपरेशननंतर अंगात कुठे एखादी उरली असेल तर ती त्या किंचितावर टिकून राहते. मायची लेट्रोझोल त्या एन्झाइमलाच बंद पाडते. ती हार्मोनची गोळी नाही, हार्मोन बनूच न देणारी गोळी आहे. डॉक्टर लोक त्याला 'हार्मोन थेरपी' म्हणतात आणि सगळा घोटाळा त्या नावानं होतो. माझ्या हातात असतं तर मी नाव बदललं असतं.

तुझ्यासारख्या गुरं राखणाऱ्याला पटेल अशी एक गोष्ट सांगतो. ग्लासगोत जॉर्ज बीटसन नावाचा सर्जन होता. त्यानं ऐकलं होतं की काही मुलखातले शेतकरी गाय व्याली की तिचे अंडाशय काढून टाकतात, म्हणजे ती आटत नाही, दूध देतच राहते. तो विचारात पडला, अंडाशयाचा हुकूम लांबच्या कासेवर चालतो तर! १८९५ साली स्तनाच्या कॅन्सरची, उपायांनी हात टेकलेली एक ३३ वर्षांची बाई त्याच्याकडे आली. त्यानं तिचे अंडाशय काढले आणि छातीवरची गाठ काही महिन्यांत विरघळली. ती पुढं चारेक वर्षं जगली. त्यानं हे छापलं १८९६ मध्ये. हार्मोन हा शब्दच १९०५ साली निघाला. मायची रोजची गोळी त्याच गायीच्या गोठ्यातून आलीय.

(आणि आपल्याकडे बघ. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकींना कॅन्सरचंच भ्या घातलेलं. बीटसननं नाइलाजानं अंडाशय काढले, इथं पिशव्या धंदा म्हणून. जाऊ दे, लिहायला लागलो की डोकं फिरतं.)

मायनं गोळी बंद करायचं गल्लीतलं बोलणं हे अर्धंच कारण असणार. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात, असं होतंय का विचार. ती स्वतःहून सांगायची नाही. या गोळीनं सांधे दुखतात, हे अगदी खरं आहे, तिचा भ्रम नाही. त्यावर उपाय असतात. डॉक्टर कधी त्याच जातीची दुसरी गोळी देतात, कधी वेगळी. पण ते त्यांना विचारून; घरातल्या घरात बंद नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन लिहून दिलंय का तेही चिठ्ठीत बघ. साधारण पाच वर्षं घ्यायची असते ती गोळी. तिची दीडच झालीत. महिन्याचा खंड पडलाय हे डॉक्टरांना खरं सांग, लपवू नकोस.

आणि तिच्या घड बुडवण्यानं झालं का, हे पुन्हा विचारशील म्हणून लिहितो. एका बाईला कॅन्सर नेमका कशानं झाला, हे जगातली कुठलीच लॅब सांगत नाही. वय वाढतं, पेशी दुभंगताना डीएनए उतरवून घेतात, त्यात चुका साठतात. तू बाग लावलीस म्हणून नाही झालं. तुझ्या आवाजात तेच होतं ना रे?

सहा वाजत आले. प्लेट काढायला पाहिजे, जास्त राहिली तर वाचन चुकतं. शनिवारी मी जालन्याची शेवटची एसटी पकडतो, फाट्यावर गाडी घेऊन ये. मायची फाईल काढून ठेव, सगळे कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. सोमवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, मी रजा टाकलीय. वहिनींना म्हणावं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, बाकी काही करू नका.

तुझा,
सुध्या