पुढच्या पुराआधी चिपळूणचे वाचनालय वाचवा: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी मूळचा चिपळूणचा, आता गिरगावात राहतो. सार्वजनिक ग्रंथालयांचे खाते आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. मागणी एकच आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आणि त्याच्यासारखी नदीकाठची जुनी वाचनालये पुढच्या पुरात तगतील, अशी व्यवस्था सरकारने करावी.

हे वाचनालय 1864 सालचे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालयही त्याच वर्षीचे, आणि रत्नागिरीचे तर 1828 पासूनचे. चिपळूणला तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबईचा माल दाभोळच्या खाडीतून गलबतांनी गोवळकोटच्या धक्क्याला लागायचा. अशा गावातल्या लोकांनी वाचनालय काढले आणि दीडशेहून अधिक वर्षे चालवले. पुढे त्याला लोकमान्यांचे नाव मिळाले. 2013 साली 86 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरले, त्याचे यजमानपद याच वाचनालयाकडे होते. कोकणातल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालयही त्याने उभे केले. तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेने एवढे करावे, याचा मला फार अभिमान आहे.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारकडे जमा करण्याचा कायदा 1867 सालचा. त्याआधी छापलेले मराठी पुस्तक सरकारदप्तरी असेलच असे नाही. ते सापडले तर ज्या वाचनालयाने त्या काळात विकत घेऊन कपाटात ठेवले, तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. बंद पडलेली मासिके, गावोगावच्या संस्थांचे अहवाल, जुने दिवाळी अंक यांचेही तसेच. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्ही मुंबईतही पेढे वाटले. त्या भाषेचे कागदोपत्री पुरावे अशा लहान गावांतल्या कपाटांत आहेत, आणि त्यातली बरीच कपाटे तळमजल्यावर आहेत.

26 जुलै 2005 म्हटले की मुंबईकराला मिठी नदी आठवते, सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच पावसात वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली आणि वाचनालयातही पाणी शिरले. 22 जुलै 2021 ला पुन्हा तेच, त्याहून भयंकर. 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले होते. याला आता अपघात म्हणता येणार नाही. पूररेषा सरकारनेच आखल्या आहेत. कोणती इमारत त्या रेषेच्या आत येते, हे नकाशावर दिसते.

2021 चा पूर ओसरल्यावर आम्ही काही जण मुंबईहून मदतीला गेलो होतो. घराघरांतून चिखल उपसणे चालू होते, आणि भिजलेली पुस्तके लोक हताशपणे ढिगात टाकत होते. भिजलेले पुस्तक वाचवता येते, हे तिथे कोणाला ठाऊकच नव्हते. खरे तर ते वाचते, पण वेळ फार थोडा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची पाने वाळताना एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत. उन्हात टाकले तर बांधणी वाकते. थोडी पुस्तके असतील तर पानांत कोरा टीपकागद घालून, पंख्याखाली, सावलीत वाळवता येतात. हजारो असतील तर एकच उपाय: ती तशीच मिटलेली, मधे मेणकागद घालून, खोक्यांत भरायची आणि गोठवायची. गोठवल्यावर बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, आणि मग महिन्यांच्या सवडीने थोडी थोडी वाळवता येतात. मासळी गोठवणारी शीतगृहे रत्नागिरीत आहेत, इथे मुंबईत आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी एका शीतगृहाशी करार करून ठेवला, तर अशा वेळी त्यातली एक खोली वाचनालयांना मिळू शकते. 2021 ला वाशिष्ठीवरचा पूल खचून महामार्गच बंद पडला होता, म्हणून खोकी, कागद आणि माहितगार माणसे आधीपासून गावातच हवीत.

पैशांचे म्हणाल, तर 2022 मध्ये सरकारने ग्रंथालयांचे अनुदान 60 टक्क्यांनी वाढवले, याबद्दल मनापासून आभार. पण सर्वात खालच्या ‘ड’ वर्गाच्या गावातल्या वाचनालयाला त्या वाढीनंतरही वर्षाला 48 हजारच ठरले. त्यातले निम्मे पगारावर गेले, तर ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार पडतात. त्या माणसाने पुराच्या रात्री कपाटे वर चढवावीत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर आहे. आपल्या 1967 च्या कायद्यात तसा उपकर नाही, आणि तो लगेच आणा असे माझे म्हणणे नाही. पण ज्या महाराष्ट्रातल्या कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्या राज्याला पूररेषेतल्या जुन्या वाचनालयांसाठी दरवर्षीची वेगळी तरतूद करणे जड जाऊ नये.

त्या तरतुदीतून सर्वात आधी दुर्मीळ पुस्तके वरच्या मजल्यावर न्यावीत. जिथे वरचा मजला नाही, तिथे तो बांधायला पैसे द्यावेत. मग त्या पुस्तकांचे स्कॅनिंग. त्यासाठी पुस्तके मुंबईला नेऊ नका, यंत्र आणि माणसे तिकडे पाठवा. जुन्या ग्रंथांचा प्रवास नको, आणि वाचनालयांचाही विश्वास राहील. ग्रंथालय संचालनालय इथे नगर भवनात आहे. त्यांनी पूररेषेतल्या शासनमान्य वाचनालयांची यादी करायला घेतली, तरी कामाला सुरुवात होईल.

मुंबईतले आम्ही चिपळूणकर जमेल ती वर्गणी द्यायला तयार आहोत, सुटी काढून तिथे राबायलाही तयार आहोत. आपण अधिवेशनाच्या आधी भेटीची वेळ दिलीत, तर वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना विनंती करून सोबत घेऊन येऊ. पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. पुस्तके वर न्यायचे काम मेअखेर झालेले असावे, एवढी विनंती.

आपला,
गिरगावातला एक चिपळूणकर वाचक