छाटणी थंडीत करा, बहरात नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकमध्ये मी सोसायट्यांच्या बागा सांभाळतो. एप्रिल उजाडला की पावसाळ्याआधीच्या छाटणीची घाई सुरू होते, आणि नेमका तेव्हाच ताम्हण कळ्यांवर असतो. ताम्हणाचा तुरा नव्या फुटीच्या शेंड्यावर येतो. शेंडा उडवला की त्या फांदीचा त्या वर्षीचा बहर गेला. आणि हे आपलं राज्यपुष्प! यंदा एका सोसायटीत ताम्हणांची अख्खी रांग ऐन मे महिन्यात बोडकी उभी होती. खाली कापलेल्या डहाळ्यांच्या ढिगात वाटाण्याएवढ्या कंगोरेदार कळ्या तशाच सुकत पडल्या होत्या. फार वाईट वाटलं.

बहाव्याची गत त्याहून वाईट. मार्च-एप्रिलमध्ये त्याची पानं झडतात, आदल्या हंगामातल्या काळ्या शेंगा तेवढ्या लोंबत राहतात. बघणारा म्हणतो, ‘झाड वाळलंय, काढून टाका.’ मग मी नखाने साल खरवडून दाखवतो. आत हिरवं, ओलं असतं. थोडं थांबलं तर तेच झाड पिवळ्या घोसांनी भरून जातं आणि त्यावर काळे भुंगे घोंगावू लागतात.

धोक्याची फांदी उतरवायलाच हवी, त्यात वाद नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडून गाड्यांवर पडतं. पण ते वजन डिसेंबर-जानेवारीतही उतरवता येतं. ताम्हणाला तर तीच वेळ मानवते. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर जोमदार फूट येते आणि तिच्यावरच फुलं धरतात. सप्तपर्णीचा बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरातला, पारिजातकाचा पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचा, म्हणजे थंडीत त्यांचीही फुलं वाया जात नाहीत. मोगरा आम्ही डिसेंबर-जानेवारीतच छाटतो, म्हणून उन्हाळ्यात ओंजळभर कळी मिळते. कुंडीतल्या मोगऱ्याची एवढी काळजी घेणारी माणसं फाटकाशेजारच्या ताम्हणाची का घेत नाहीत?

महापालिकेने छाटणीची परवानगी देताना झाडाचं नाव आणि छाटणीचा महिना दोन्ही लिहून द्यावेत. सोसायट्यांनी ठेका दिवाळीनंतर लगेच द्यावा. एप्रिल-मेमध्ये फक्त वाळलेली, तडकलेली किंवा विजेच्या तारांना टेकलेली फांदी काढावी, आणि तीही झाड ओळखणारा माणूस खाली उभा करून.

आपला,
एक माळी, नाशिक